बिनगोळीची चिठ्ठी

आमच्या घरमालकांच्या बैठकीला रस्त्याच्या बाजूने एक रुंद खिडकी होती. इतरांकडे अशा खिडकीत कुंड्या असतात, नाहीतर उन्हाला ठेवलेल्या लोणच्याच्या बरण्या. इथे चपट्या झालेल्या बंदुकीच्या गोळ्या ओळीने मांडलेल्या असत. प्रत्येक गोळीखाली कागदाची एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर बारीक गोल अक्षरात कोणतं काडतूस, किती पावलांवरून, कशावर मारलं आणि गोळी किती आत गेली, याची नोंद. काही गोळ्या कुत्र्याच्या छत्रीसारख्या फुललेल्या, काही नुसत्या वाकलेल्या. ओळीच्या अगदी सुरुवातीला एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती, तिच्यावर मात्र गोळी नव्हती. मी खोली बघायला गेले त्या दिवशी हे सगळं पाहण्यात इतकी गुंतले, की नळाला पाणी किती वेळ येतं हे विचारायचं राहूनच गेलं.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. मी सीताबर्डीला टेलिफोनच्या कचेरीत ट्रंक कॉल जोडायच्या कामाला लागले होते. नरखेड तालुक्यातल्या संत्र्यांच्या बागायतदाराची मुलगी नागपुरात एकटी राहून नोकरी करते, हेच आमच्या गावाला पचायला जड जात होतं. त्यात तिचा घरमालक घरात रिव्हॉल्वर बाळगतो, हे कळल्यावर आईने तीन दिवस अन्न गोड लागत नाही म्हणून सांगितलं. बाबा मात्र खूश झाले. "चांगलं हाय. चोरचिलट येनार नाही," म्हणाले.

घरमालकांना धंतोलीची सगळी वस्ती काकाजी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. ते मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. उभी हयात जंगलाच्या कडेच्या गावांमध्ये साखळी ओढत जमिनी मोजण्यात गेली. एका हातात नकाशाची फळी, दुसऱ्या हातात काठी, त्यामुळे खांद्यावर बंदूक घेणं जमत नसे. म्हणून कमरेला रिव्हॉल्वर. जमिनी मोजायच्या संपल्या, पण पावलं मोजायची सवय सुटली नव्हती. दारापासून विहीर एकवीस पावलं, विहिरीपासून नाक्यावरचा पानठेला एकशे चाळीस. मी कामावरून परत आले की ओट्यावरून विचारायचे, "का वं टेलिफोन, आज स्टँडच्या इकडून आली का तिकडून?" आणि मग दोन्ही रस्त्यांतला फरक पावलांत सांगायचे.

माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माणसांचेही त्यांनी काडतुसांप्रमाणे वर्ग पाडले होते. समोरचा वकील म्हणजे छर्रा: आवाज मोठा, पसरतो फार, आत काही जात नाही. दूधवाला म्हणजे ओली दारू: कधी पेटेल सांगता येत नाही. पत्नीला, म्हणजे काकूंना, ते कशात बसवतात, असं मी एकदा काकूंसमोरच विचारलं. काकाजींनी पानाचा डबा ओढला आणि बराच वेळ सुपारी कातरली.

"सांगा न जी," काकू म्हणाल्या. "आता काहून मुके झाले?"

"थे तोफ हाय," काकाजी पुटपुटले, "पन सरकारी. इशारा देऊन उडते."

त्या काळी शिकारीला बंदी नव्हती. परवाने मिळत, आणि नागपुरातल्या हौशी लोकांची रविवारच्या गप्पा म्हणजे शिकारच. कोणाकडे हरणासाठी किंवा डुकरासाठी कोणतं काडतूस घ्यावं असा प्रश्न उभा राहिला, की तो काकाजींच्या ओट्यावर येऊन बसायचा. त्यातून कोणी रिव्हॉल्वरने शिकार करायला निघालेला असला तर काकाजी सरसावून बसत. म्हणायचे, रायफलीत जोर असतो, ती तुमची अर्धी चूक पोटात घालते. रिव्हॉल्वर घालत नाही. हरणाची कातडी पातळ, हाडं हलकी. त्याला नरम शिशाची गोळी हवी, आत जाऊन फुलणारी. डुकराच्या खांद्यावर चिवट मांसाची ढाल असते; नरम, हलकी गोळी त्या ढालीवरच पसरते आणि डुकराला फक्त राग येतो. त्याला जड गोळी हवी, बोथट नाकाची, सावकाश जाणारी पण न थांबणारी. एवढं झालं की ते प्रश्न विचारायला लागत. किती पावलांवरून मारणार? उभं जनावर की पळतं? आडवं की समोरून? आणि शेवटचा प्रश्न ठरलेला:

"नीट नाही लागलं, तं त्याच्या मागं किती दूर जानार?"

इथे लोक हसायचे. कोणी म्हणायचं, जाऊ जी एखाद फर्लांग. कोणी म्हणायचं, तोवर दुसरं मिळते न. मग काकाजी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसायचे आणि म्हणायचे, "मंग तुमच्यासाठी बाजारात काडतूस नाही." माणूस चहा पिऊन चडफडत निघून जायचा. दोन वर्षांत त्यांनी कोणालाही एक काडतूस धड सुचवल्याचं मी पाहिलं नाही. ते स्वतः तर कधीच शिकारीला जात नसत. इतकं शास्त्र आणि उपयोग शून्य, म्हणून मला त्यांची गंमत वाटायची.

आणि शास्त्र तरी कसं! घरातली रद्दी कधी विकली जायची नाही. शनिवारी वर्तमानपत्रांचे गठ्ठे हौदात भिजत पडत आणि काकू धुणं अडलं म्हणून हौदाकाठी उभ्या राहून बोलत. रविवारी पहाटे ते ओले गठ्ठे सायकलच्या कॅरियरला बांधून काकाजी हुडकेश्वरकडे निघत. तेव्हा तिकडे वस्ती नव्हती, शेतं होती आणि मुरमाच्या पडक्या खदानी. खदानीत गठ्ठे उभे करायचे, ते झालं हरीण. त्यांच्यापुढे सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे एकावर एक शिवून टांगायचे, म्हणजे झालं डुक्कर. मग मोजून वीस पावलं मागे यायचं आणि ओळखीच्या कुणाचं रिव्हॉल्वर मागून आणून त्यातलं एखादं काडतूस उडवायचं. दुपारी गोळी खिडकीत, नवीन चिठ्ठीवर. वर्षातून अशी सात-आठ काडतुसं उडत असतील. त्यांचं स्वतःचं रिव्हॉल्वर मात्र जुनं होतं, चव्वेचाळीस बोरचं, विलायतेला परत जाणाऱ्या कुणा साहेबाकडून घेतलेलं. त्याची काडतुसं आता नागपुरात मिळत नव्हती. त्यांच्याकडे अकरा उरली होती. ती गव्हाच्या कोठीत पुरचुंडी करून ठेवलेली असत आणि काकाजी त्यांना हात लावत नसत.

एकदा थट्टा म्हणून मी त्या रिकाम्या पिवळ्या चिठ्ठीवर चिंचोका ठेवून दिला. तिच्यावर एवढंच लिहिलं होतं: "चितळ, मादी. बत्तीस. चाळीस पावलं." मला वाटलं होतं, झाडताना काकूंनी ती गोळी हरवली असणार. संध्याकाळी काकाजींनी चिंचोका पाहिला. त्यांचा चेहराच बदलला. तो उचलून त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हे करू नको." टेलिफोनही म्हणाले नाहीत. मला रडू आलं आणि रागही आला. एका शिशाच्या तुकड्यासाठी एवढं काय, असं वाटलं.

त्याच हिवाळ्यात आमचा दादा नागपूरला आला. बागेत आम्ही तीन वर्षांची नवी कलमं लावली होती. कलमांभोवतीच्या आळ्यांत ओल असायची, म्हणून रानडुकरं येऊन आळी उकरत आणि सकाळी कलमं मुळांसकट उताणी पडलेली दिसत. दादाने धडपड करून परवाना काढला होता आणि बत्तीस बोरचं चकचकीत रिव्हॉल्वर घेतलं होतं. मोटारसायकलवरून गावातून जाताना ते कमरेला शोभायचं, हे खरं कारण. मी त्याला काकाजींकडे नेलं.

"काकाजी, डुकरासाठी यात कोनतं काडतूस टाकू?"

काकाजींनी ते रिव्हॉल्वर हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि परत दिलं. "यात टाकाले डुकराचं काडतूस देवानं बनवलंच नाही, बापू. हे चोराले दाखवाले चांगलं हाय."

दादाला ते लागलं. तो म्हणाला, नेम बरोबर असला की झालं. काकाजी वाद घालत बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवार होता, त्यांनी त्याला खदानीत नेलं. मीही सायकलवर मागे गेले. दादाने वीस पावलांवरून टायरच्या बरोबर मधोमध गोळी मारली. नेम खरंच चांगला होता. काकाजींनी टायर उलटा केला. गोळी तिसऱ्या थरात पसरून बसली होती, मागच्या कागदावर ओरखडाही नव्हता.

"तुह्या नेमात खोट नाही," ते म्हणाले. "पन डुक्कर याच्यानं मरत नाही, चिडते. अन् चिडलेलं जनावर तुह्यासाठी थांबत नाही, दुसऱ्यासाठी थांबते."

दादा हसला. परतताना मला म्हणाला, "तुहा म्हातारा भित्रा हाय." मनातून मलाही तसंच वाटत होतं.

पंधरा दिवस झाले असतील. सकाळी आठ-साडेआठला मी बोर्डावर बसलेली असताना नरखेडचा कॉल आला. मी सवयीने "नंबर सांगा" म्हटलं आणि पलीकडून बाबांचा आवाज आला.

दादाने पहाटे बागेत डुकरावर गोळी झाडली होती. मोठा सुळेवाला नर. गोळी खांद्यावर लागली, रक्त पडलं आणि जनावर नाल्यातल्या रायमुनियाच्या झुडपात शिरलं. कापूस वेचायला बाया त्याच नाल्याच्या काठाने यायच्या. एकीवर ते धावून आलं, ती कापसाने भरलेली ओटी टाकून पळाली म्हणून वाचली. गावातले लोक दादाला टोमणे मारायला लागले आणि दादा तेच रिव्हॉल्वर घेऊन नाल्यात शिरायला निघाला.

"मग?" मी ओरडले.

"मंग काय! विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत ढकलून देलं अन् कुलूप लावलं," बाबा म्हणाले. "किल्ली माह्याजवळ हाय. पन दार जुनं हाय वं, लाथा मारून राहिला. तुह्या घरमालकाले घेऊन ये. लवकर ये."

मी रजेचा अर्जही न लिहिता धावत घरी आले. काकाजी ओट्यावर सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकही प्रश्न विचारला नाही आणि आत जाऊन गव्हाच्या कोठीत हात घातला. अकराही काडतुसं त्यांनी पाटावर उभी केली. एकेक उचलून काकूंच्या सोनं तोलायच्या जुन्या काट्यात तोललं, कानाशी हलवून पाहिलं, बुडाची तांब्याची टोपी भिंगातून तपासली. मला वेळ जाताना दिसत होता.

"काकाजी, रिव्हॉल्वरमध्ये मावतात तेवढी सहा घ्या न, हाताला लागतील ती!"

"पंचवीस वर्षांचा माल हाय, पोरी. यातली कोनती पेटते, हे पाहाच लागन." शेवटी त्यांनी तीन बाजूला काढली.  काकूंनी दशम्यांची पुरचुंडी माझ्या हातात दिली, आणि काकाजींच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं.

काटोलवरून जाणारी एसटी मिळाली. रस्ता तीन तासांचा. गावात पोचेपर्यंत दुपार झाली होती. मोटारीच्या खोलीतून दादाच्या लाथांचा आवाज येत होता, पण आता थकल्यासारखा. बाबांनी काकाजींना नाला दाखवला. काकाजींनी वाकून रक्त पाहिलं, बोटांवर चोळलं. मग मागे वळून म्हणाले, "किल्ली द्या."

"काहून?" बाबा म्हणाले.

"पोराले संग नेतो. थो खाली हातानं येईन. ज्यानं जखम केली, त्यानं शेवट पाहाले पाहिजे."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. ज्या माणसाला मी भावाला नाल्यापासून दूर ठेवायला घेऊन आले होते, तोच त्याला आत घेऊन निघाला होता. मी त्यांना नको नको ते बोलले. रद्दीवर गोळ्या मारणारे, असंही म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बरोबर बोलून राहिली तू," म्हणाले. "पन आज याले कोंडून ठेवलं, तं हा उद्या पुन्हा जाईन. परवा बी जाईन. एकदा पाहू दे." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, काकाजींकडे पाहिलं, आणि किल्ली दिली.

दोघं नाल्यात उतरले. काकाजी पुढे, दादा डाव्या अंगाला तीन पावलं मागे. आम्ही बांधावर उभे. झुडपं हलत होती, माणसं दिसत नव्हती. बाबांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. मग एकदम काटक्या मोडल्याचा आवाज आला, हुंकार आला आणि त्यात स्पष्ट ऐकू आलं: खट्. घोडा पडला होता, काडतूस पेटलं नव्हतं. त्या क्षणी मी देवाला काय काय बोलले असेन, मलाच आठवत नाही. लगेच दुसऱ्यांदा आवाज झाला, तो मात्र नालाभर घुमला. त्यानंतर काहीच नाही.

थोड्या वेळाने दादा वर आला. त्याच्या हातात काकाजींची टोपी होती आणि चेहरा पांढराफटक. "नऊ पावलांवर," तो म्हणाला. "पहिलं पेटलं नाही तं ते हाललेसुद्धा नाहीत. जागेवरच पडलं, बाबा. पायही झाडले नाहीत." आणि एवढा मोठा माझा भाऊ, सव्वीस वर्षांचा, बांधावर बसून हुंदके देऊन रडला.

काकाजी त्याच्यामागून वर आले. पाणी मागितलं. बाबांनी लोटा पुढे केला, तो त्यांनी रिकामा केला. मग ते आमच्यापैकी कोणाकडेही न बघता बोलायला लागले.

"मीबी याच्याच एवढा होतो. बत्तीस बोरचंच होतं. चाळीस पावलावर चितळाची मादी उभी होती, आडवी. लागली, मले दिसलं लागली म्हनून. अन् पळाली. दोन दिवस तिच्या मागं गेलो. पानावर रक्त सापडे, मंग नाही सापडे, मंग पुन्हा सापडे. दुसऱ्या दिवशी सांजच्याले ताजं सापडलं. जवळच होती थे." त्यांनी बाहीने तोंड पुसलं. "तिसऱ्या दिवशी साहेब कॅम्पवर येनार होते. नकाशे दाखवाचे होते. मी परत आलो."

बाबांनी लोटा परत घेतला.

"नोकरीसाठी परत आलो," ते पुन्हा म्हणाले.

मला खिडकीतली पिवळी चिठ्ठी आठवली आणि माझा चिंचोका आठवला. मी त्यांची माफी मागितली की नाही, आज आठवत नाही. मागितली असावी, असं मी स्वतःला सांगत आले आहे.

गोळी डुकराच्या पलीकडच्या कातडीखाली सापडली. दादाने ती धुऊन, संत्र्याच्या पानात गुंडाळून पुढच्या आठवड्यात नागपूरला आणून दिली. काकाजींनी ती ओळीच्या शेवटी ठेवली आणि चिठ्ठीवर लिहिलं: "डुक्कर. चव्वेचाळीस. नऊ पावलं. दुसरं काडतूस." दादाने आपलं रिव्हॉल्वर कपाटात टाकलं आणि बागेला काटेरी तार लावली. पण त्यानंतर नरखेडकडे कोणी त्याला काडतुसाबद्दल विचारलं, की तो तेच प्रश्न विचारायचा, आणि शेवटचाही. लोक त्याला चिडवायचे, मला बरं वाटायचं.

पुढे कायदा आला, शिकार बंद झाली. काकाजींच्या ओट्यावर कोणी येईनासं झालं. मला वाटलं होतं, ते खचतील. ते म्हणाले, "बरं झालं वं टेलिफोन. आता कोनाले काडतूस निवडा लागत नाही." रद्दी मात्र ते विकू देत नव्हते. हौदात गठ्ठे भिजत नसले तर काकूंनाच चुकल्यासारखं वाटायचं.

माझं लग्न झालं, बदल्या झाल्या. काकाजी गेल्याचं मला पत्राने कळलं. पुढच्या सुट्टीत मी धंतोलीला गेले. रिव्हॉल्वर आणि उरलेली काडतुसं नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा झाली होती. डुकराची गोळी दादा मागून घेऊन गेला होता. बाकीच्या गोळ्या काकूंनी डब्यात भरून ठेवल्या होत्या आणि त्या रुंद खिडकीत, इतक्या वर्षांनी, कुंड्या मांडल्या होत्या. शेवंती, तुळस, गवती चहा. फक्त डाव्या टोकाला वीतभर जागा मोकळी होती आणि तिथे ती पिवळी चिठ्ठी.

"काकू, इथं अजून एक कुंडी मावते," मी म्हटलं.

"मावते न," काकू म्हणाल्या. "पन थे जागा तिची हाय."

मग त्यांनी चिठ्ठी दोन बोटांनी उचलली, खालची धूळ पदराने पुसली आणि ती होती तिथेच परत ठेवली.